मौजनगरीच्या लॉजाची मोहीम

श्री मुक्ताई समर्थ. शके एकोणीसशे चौदा, अंगिरानाम संवत्सरे, वैशाख मासी, प्रांत खानदेश, तालुके एदलाबाद येथील केळीचे बागाईतदार राजश्री गिरधर आबा पाटील यांचे घराण्यावर जो प्रसंग गुदरला, आणि त्यातून घराणे कोणे प्रकारे निभावले, त्याची हकिकत जशी घडली तशी लिहिली असे. पूर्वीचे लोक किल्ले घेत. किल्ल्यास तट, तटास दरवाजा, दरवाजा फोडून आत शिरले की काम फत्ते. लॉजाचे तसे नाही. लॉजात कोणीही शिरतो, मॅनेजर स्वतः उठून या म्हणतो. खरी लढाई दुसरे दिवशी सकाळी. हे ज्यास कळले तोच सेनापती. या मोहिमेत ते एकाच माणसास कळले होते, आणि त्या माणसास बोलण्याची परवानगी नव्हती.

मोहिमेचे कारण ऐसे की, कल्याणापलीकडे मौजनगरी नामे नवे उद्यान उभे राहिले. तेथे आभाळास टेकणारा पाळणा, पाण्यात पडणारी होडी, आणि तिकीट घेऊन भिववणारे भूत. ही खबर दूरदर्शनाचे द्वारे आबांचे दोघा नातवांस लागली, आणि मग त्यांनी भाकरीवर बहिष्कार घातला, आणि मग आबांनी ओट्यावर बसून फर्मान सोडले की सुटीत खाशी स्वारी मौजनगरीस जाईल, लॉजात मुक्काम करील, आणि घरचे झाडून बठ्ठे येतील, एकही माणूस मागे राहणार नाही. ऐसे फर्मान काढणे सोपे असते. बसूनच काढता येते.

फौजेची अवस्था पाहू जाता, आबांचे वय सत्तरीपार आणि उजवा खुबा धरलेला. हाती काठी, परंतु ती कुत्र्यांसाठी आहे असे ते सांगत, आणि गावची कुत्री त्यांचे पायाशी निजत. त्यांचे कुटुंब सौभाग्यवती सुनंदाबाई यांचे दोन्ही गुडघ्यांनी वाकण्याचे काम सोडून दिले होते. पायरी आली की पुढून एकाने ओढावे आणि मागून एकाने रेटावे. मांडी घालणे बंद, आणि उकिडवे बसणे ही तर मागल्या जन्मीची गोष्ट. सबब पुत्र राजमान्य सुपडू यांनी सुतारास बोलावून एका जुन्या खुर्चीची बैठक मधोमध गोल कापून घेतली, आणि ती खुर्ची परसातील

[येथे कागद कसरीने खाल्ला आहे]

मांडली, आणि तिजवाचून बाईंचा दिवस उगवत नसे. पाहुण्यांस ती मोडकी खुर्ची म्हणून सांगत. मोडकी आहे तर टाकून का देत नाही, असे एका पाहुण्याने विचारले, त्यास चहा उशिरा मिळाला.

सुपडू यांचे कुटुंब पुष्पाबाई, माहेर धुळ्याकडील. सुनेने सासऱ्यापुढे तोंड उघडू नये ही या घराची चाल, आणि पुष्पाबाईंनी ती लग्न होऊन आल्यापासून पाळली होती. त्यांचे म्हणणे दाराआडून भांड्यांचे द्वारे जाहीर होई. परात पडली म्हणजे हरकत. तांब्या आपटला म्हणजे साफ इन्कार. कपबश्या किणकिणल्या तर मंजुरी, परंतु तो आवाज या घरात फारसा कोणी ऐकला नव्हता.

मग लॉज पाहून येण्यास जासूद नेमला. आबांच्या केळीचा ट्रक कल्याणच्या बाजारी नेणारा पुना ड्रायव्हर यास हुकूम जाहला की, माल उतरला की मौजनगरीस जावे आणि लॉजांची खबर आणावी. केळीवाल्यांच्या घरी कल्याणास जाणारा तोच, सबब तोच लायक, हा विचार सर्वांस पटला. पुना गेला आणि आला, आणि सायंकाळी ओट्यावर मसलत बसली. आबा, सुपडू, पुना, आणि शेजारचे खतांचे दुकानदार रतिलालभाऊ. रतिलालभाऊ एकदा डोळ्याच्या ऑपरेशनास मुंबईस जाऊन आले होते. मुंबई त्यांनी डोळ्यास पट्टी बांधून पाहिली, तरीही गावात मुंबईचे माहीतगार तेच.

पुनाने खबर सांगितली ती येणेप्रमाणे. पहिला लॉज गगन नावाचा, खोल्या तिसऱ्या मजल्यावर, वारा भरपूर, गच्चीवरून पाळणा दिसतो. दुसरी एक धर्मशाळा, अंगण ऐसे की ट्रक एका दमात वळतो, पुनाने स्वतः वळवून पाहिला. तिसरा एका रिटायर नर्सबाईंचा बैठा बंगला. त्याच्या गल्लीत ट्रक शिरतच नाही, सबब तो पुनाच्या मनातून तेथेच उतरला. तरी धन्याचा हुकूम म्हणून तो पायी आत गेला. सगळे तळाशीच, पायरी एक, तिलाही कठडा. परंतु, असे म्हणून पुनाने आवाज उतरवला, त्या बंगल्यात खोड आहे. तेथील

[येथे कागद कसरीने खाल्ला आहे]

मध्ये पांढरे उंच भांडे आहे, खुर्चीसारखे, त्यावर माणसाने पाय सोडून बसायचे. पुनाने पाहिले आणि शरमेने बाहेर आला.

आत परात पडली.

आबांनी जाहीर केले की, ज्या भांड्यावर बसले असता पाय लोंबतात त्यावर या घराण्याचा माणूस बसणार नाही. आपले वाडवडील जमिनीस टेकून बसत आले. रतिलालभाऊंनी पुस्ती जोडली की ती भांडी साहेब लोकांसाठी आणि आजाऱ्यांसाठी, आणि आपल्यात आजारी कोण आहे. कोणी नाही, असे आबा म्हणाले. कोणी नाही, असे सुपडू म्हणाले, आणि त्यांनी दाराकडे पाहिले नाही. मग वारा भरपूर या सबबीवर गगन लॉज मुक्रर जाहला.

आत तांब्या आपटला. आबांनी विचारले की मांजर आली काय.

(समासात, पुष्पाबाईंच्या हातचे: तिसरा मजला. ओट्याची एक पायरी चढताना आबा मधेच थांबतात आणि रतिलालभाऊंना पाऊसपाण्याचं विचारतात. वैशाखात.)

दुसरे दिवशी सुनंदाबाईंनी कळविले की त्या येत नाहीत. म्हैस व्यायला झाली आहे, कुरडया वाळत घातल्या आहेत, आणि सांजेस देवापाशी दिवा लावण्यास घरात माणूस हवे.

(समासात: म्हैस पाच महिन्यांची गाभण. कुरडया मागल्याच आठवड्यात डब्यात भरल्या.)

पुरुषांनी ही कारणे ऐकून घेतली आणि फार वाईट वाटून घेतले आणि लगेच मान्य केली. सासू घरी राहिली म्हणजे तिचे करण्यास सून घरी, हे कोणी बोलले नाही. बोलण्याची गरजच नव्हती. ऐसे प्रकारे झाडून बठ्ठे यातून दोघी वजा जाहल्या. पुष्पाबाईंनी लग्नानंतर माहेर, सासर आणि भुसावळचा दवाखाना यापलीकडे मुलूख पाहिला नव्हता. तो पाळणा दूरदर्शनावर फिरू लागला तेव्हा त्या भाकरी थापत होत्या, आणि ती एक भाकरी जळाली होती. सासूही तेव्हा मागे उभी होती आणि जळका वास येत असता तीही काही बोलली नाही, कारण तीही पाळणाच पाहत होती.

मग पुष्पाबाईंनी नवऱ्यास वकील करून आबांकडे रवाना केले. सुपडू ओट्यावर गेले आणि केळीच्या भावावर बोलून परत आले. पुन्हा पाठविले, तेव्हा विजेच्या लपंडावावर बोलून आले. पुन्हा पाठविले, तेव्हा विहिरीवर नवी मोटार बसविण्यास आबांची मंजुरी घेऊन आले आणि विजयी मुद्रेने जेवावयास बसले. पुष्पाबाईंनी विचारले की ते सांगितले का. सुपडू म्हणाले की शब्द जिभेवर आला होता, परंतु बापापुढे

[येथे कागद कसरीने खाल्ला आहे]

कसे म्हणावे. पुष्पाबाईंनी ताटात भाजी वाढली आणि मीठ घातले नाही.

त्याच सायंकाळी ओट्यावर पुन्हा मसलत बसली. गगन लॉजास फोन करून खोल्या राखाव्यात, एवढेच काम उरले होते. आबा, सुपडू, रतिलालभाऊ आणि पुना ऐसे चौघे बसले असता दाराची कडी वाजली, आणि परात पडली नाही, आणि तांब्या आपटला नाही, आणि पुष्पाबाई डोईवर पदर घेऊन स्वतः ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. ऐसा प्रसंग या ओट्याने पाहिला नव्हता. सुपडू उठून उभे राहिले, पुन्हा बसले. पुष्पाबाई बोलू लागल्या ते माहेरच्या बोलीत बोलू लागल्या, कारण सासरच्या बोलीत त्यांनी या ओट्यावर कधी शब्द काढलाच नव्हता.

"आबा, तो नर्सबाईना बंगला करा. आत्याबाईले खाले बसता येस नही. त्यासले कमोडना संडास पाहिजे."

[येथून पुढे कागद धड आहे. कसरीने मैदान सोडले असावे.]

आबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मग हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, लोक बसेल हायेत अठी."

"शेतस ना बसेल. त्यासले बसता येस, म्हनीसन बसेल शेतस." पुष्पाबाईंनी पदर नीट केला. "आनि आबा, बांधवरन्या केळी रोज सकाळे वाकतस ना, ते काही रानडुक्कर नही शे."

याचा खुलासा ऐसा. आबा रोज पहाटे लोटा घेऊन आपल्या मळ्याच्या बांधावर जात. तेथे बसताना आणि विशेषतः उठताना ते शेजारच्या केळीच्या खोडास दोन्ही हातांनी धरीत, आणि केळ म्हणजे काही सागवान नव्हे. बांधाची ओळ महिन्याभरात कमरेतून झुकली. आबांनी रानडुकरांचा माग आहे असे जाहीर केले, बांधाला काटेरी कुंपण घातले, आणि रात्रीची राखण बसविली. राखणदाराने पहाटे डुक्कर ओळखले होते. गावाने ओळखले होते. परंतु आबांचे नाव मोठे, सबब सर्वांनी डुकरांस शिव्या दिल्या.

पुना ट्रकच्या चाकांकडे पाहू लागला, आणि सुपडू आपल्या नखांकडे. आणि मग आतून, दाराआडून, सुनंदाबाईंचे हसणे ऐकू आले. प्रथम दबके, मग भरपूर. आबांनी ते हसणे फार वर्षांत ऐकले नव्हते, आणि ते आपल्यावर आहे हे कळूनही त्यांस राग आला नाही, ही नवलाची गोष्ट नोंदवून ठेवितो.

प्रथम रतिलालभाऊ खाकरले. "पुना," ते म्हणाले, "त्या बंगल्याचा पत्ता मलेबी देजो बा."

मग आबांनी नवे फर्मान सोडले की, लहान मुलांची गैरसोय होऊ नये म्हणून नर्सबाईंचा बंगला मुक्रर केला आहे. वारा तेथेही पुरेसा असावा. मुलांचे पाय अधांतरी राहतील, याची चिंता या वेळी कोणास पडली नाही. आत कपबश्या किणकिणल्या.

मग कूच जाहले. भुसावळास गाडीच्या दारी पुष्पाबाईंनी सासूस पुढून ओढले आणि सुपडूंनी मागून रेटले आणि आबांनी फलाटावर उभे राहून हुकूम दिले. मग आबांस स्वतः चढावयाचे होते, आणि पुष्पाबाई सामानासाठी पुन्हा फलाटावर उतरल्या होत्या. तेव्हा त्यांनी ती काठी सुनेच्या हाती दिली आणि दांडा धरला आणि कोणाकडे न पाहता म्हणाले की मागून थोडा हात लाव. तो हात पुष्पाबाईंनी लावला.

बंगल्याच्या पायरीवर नर्स कुंदाबाई उभ्या होत्या. चहात साखर किती, असे विचारावे त्या सुरात त्यांनी विचारले की कोणाचे गुडघे आणि कोणाचा खुबा. सुनंदाबाईंनी आपले गुडघे सांगितले. आबा म्हणाले की खुबा कोणाचाच नाही.

दुसरे दिवशी सकाळी, ज्या लढाईसाठी एवढा खटाटोप, तिची वेळ आली. सुनंदाबाई टॉवेल घेऊन संडासाशी गेल्या, तो दार आतून बंद. आत आबा होते. आणि मग चहा झाला, आणि नातवांचे बूट चढले, आणि तरी आबा आतच. अखेर ते बाहेर आले तेव्हा त्यांची मुद्रा तीर्थयात्रा घडलेल्या माणसाची होती. पाण्याचा जोर चांगला आहे, एवढेच ते बोलले. वाडवडिलांचा विषय निघाला नाही. मग सुनंदाबाई आत गेल्या, आणि पुष्पाबाई दारापाशी उभ्या राहिल्या, आणि आतून आवाज आला, "पुष्पा, तू जाय. मले काही लागत नही." एवढे ऐकण्यास पुष्पाबाईंनी सासऱ्याशी वैर पत्करले होते.

मौजनगरीत नातू होडीसकट पाण्यात पडले आणि भुतास भ्याले. सुनंदाबाई पाळण्यात बसल्या नाहीत, कारण पाळण्याची पायरी उंच; त्या खाली बाकावर बसून वर पाहत राहिल्या आणि पुष्पाबाई वर जाऊन आल्या. मग उन्हाचा तडाखा वाढला, आणि बाकाशेजारी उसाच्या रसाची चरकी होती, आणि सुनंदाबाईंनी एक ग्लास मागविला आणि तो संपवून आणखी एक मागविला. आबा चकित जाहले. लग्नकार्यास नेले, जत्रेस नेले, पाचोऱ्यास नातेवाइकांकडे नेले, बाई दिवसभर पाण्याचा थेंब घेत नसत. त्यांस परक्या ठिकाणी तहानच लागत नाही, अशी आबांची आजवर समजूत होती. ती समजूत त्या बाकावर, दुसरा ग्लास रिकामा होत असता, दूर जाहली. आबांनी तोंड फिरविले आणि चरकीवाल्यास खूण केली की आणखी एक भर, आले जास्त घाल.

ऐसे प्रकारे मौजनगरीच्या लॉजाची मोहीम फत्ते जाहली. फौज सुखरूप परतली. म्हैस सुखरूप होती. ही फत्ते राजश्री गिरधर आबा पाटील यांचे दूरदृष्टीने आणि खंबीर निर्णयाने प्राप्त जाहली असे गावी सांगण्यात आले, आणि रतिलालभाऊंनी त्यास दुजोरा दिला, आणि दप्तरी तेच नाव दाखल केले असे. चाल तशी आहे. इति.

(समासात: तिसरा ग्लास आत्याबाईंनी अर्धा प्यायला आणि अर्धा मला दिला. मीही घरून निघाल्यापासून पाणी प्याले नव्हते. ते त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.)