पर्थला टॉवेल-टोपी

एकोणीसशे पंच्याहत्तर साली, उसाला तुरे आले होते त्या दिवसांत, कडेगावजवळची आमची चिंचणवाडी आठवडाभर शहर होती. सरकारदरबारी नोंद नाही. पण शालूबाईला विचारा! तो सगळा आठवडा तिच्या जिवाला घोर होता, कारण ते शहर तिच्या नवऱ्याच्या जिभेवर उभं होतं.

नवरा म्हणजे सुभेदार भाऊसो. इटलीच्या लढाईत त्यांची डंकन नावाच्या स्कॉटलंडच्या गोऱ्याशी दोस्ती जमली होती. तो आता भेटीला येणार होता. झालं! सुभेदार पारावर बसले आणि मिशीला पीळ देऊन म्हणाले, "डंकनचं गाव पर्थ, त्ये म्हंजे शहर! बघायला ग्येलं तर आपल्या कराडाएवढं. पर तिकडं डोकी मोजत न्हाईत. राजानं म्हटलं शहर, की शहर!"

सरपंच लालासाहेबांनी कान टवकारले. "मग आपलं गाव का न्हाई व्हनार? सुभेदार, सायबाकडं शब्द टाका की!"

इथं सुभेदारांनी विषय बदलायला हवा होता. पण अख्खा पार तोंडाकडं बघत होता! "त्यात काय? माझ्या शब्दाभायेर न्हाई त्यो!"

घरी हे कळलं आणि शालूबाईची तव्यावरची भाकरी करपली. "आवं, मागं गावात एसटी आनतो म्हनालासा, तवा लोक वरीसभर तुमाला कंडक्टर म्हनत व्हते! तुमी पाराकडं फिरकत नव्हता. आता फजिती झाली तर तोंड कुठं दाखवशिला?"

"गप गं! त्येला मराठी येत न्हाई, गावाला इंग्रजी येत न्हाई. मधी मी हाय न्हवं?"

तोवर ज्ञानूनं हलगी बडवत दवंडी दिलीच. "ऐका होऽऽ! सुभेदाराचा सायेब येनार, गाव शहर व्हनार! रस्त्यात म्हशी बांधू नका होऽऽ!"

गाव पिसाळलं! केरबा न्हाव्यानं पाटीवर 'सिटी सलून' रंगवलं. हॉटेलातला चहा निम्मा झाला. शहरात तेवढाच देतात म्हणे! शेजारगावचा माणूस दिसला की पोरं ओरडत, "खेडवळ आलं रंऽ!" रंगूबाईनं तर सांगलीहून तोटी आणून नुसत्याच भिंतीत बसवली. पाणी काय, शहर झाल्यावर येईलच!

आणि साहेब आला. ताडमाड, उन्हानं ब्याडगी मिरचीसारखा लाल. बँड वाजला. लालासाहेबांनी भाषण ठोकलं, "सायबानी आमचं गाव शहर करावं!" टाळ्या! साहेबानं सुभेदारांकडं पाहिलं. काय म्हणतात हे?

सुभेदारांनी शिताफीनं सांगितलं, "तुझं शहर कसं आहे, असं विचारताहेत."

साहेबाचा चेहराच उतरला. तो बराच वेळ काहीबाही बोलला आणि बोलता बोलता रुमालात नाक शिंकरू लागला.

"काय म्हनतोय? कवा करतोय?" लोक पुढं सरकले.

दोस्ताच्या डोळ्यांत पाणी बघून सुभेदारांना थाप मारवेना. "तिकडं नवा कायदा आला. जुन्या नगरपालिका मोडल्या. पर्थ जुन्या राजाच्या शब्दावर शहर व्हतं. औंदा मे म्हैन्यापास्नं... न्हाई."

मग मागून केरबा म्हणाला, "सोताचं शहर घालवून आला, त्यो आमाला काय देनार?"

हास्याचा असा स्फोट झाला की बँडवाल्याच्या हातातला ढोल पडला! सुभेदारांचा हात सवयीनं मिशीकडं गेला आणि पीळ न देताच खाली आला.

ते शालूबाईला बघवलं नाही. आहेराचं ताट घेऊन ती ताडताड पुढं आली.

"हसताय काय? पावना लुटला जाऊन दारात आलाय! त्येला मोकळ्या हातानं लावून द्यायची रीत हाय व्हय आपली? सरपंच, त्येच्या पर्थला तुमी शहर म्हना!"

"आमी? आमी म्हनून काय व्हतंय?"

"तिकडं एका राजाच्या म्हनन्यानं झालं. हितं तर अख्खं गाव हाय!"

लालासाहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. मागणाऱ्यापेक्षा देणाऱ्याची खुर्ची उंच! "पर्थ शहर हाय, असं ज्येंचं मत आसंल त्येनी हात वर करा!"

सगळे हात वर! केरबाचे तर दोन्ही. सुभेदारांनी इंग्रजीत समजावून सांगताच टॉवेल, टोपी, नारळ आणि शहर, असा आहेर घेऊन साहेब सुभेदारांच्या गळ्यात पडला. ज्ञानूनं हलगीवर थाप मारली, "होऽऽ! पर्थ शहर झालं होऽऽ!" लालासाहेब छाती फुगवून म्हणाले, "शहर व्हनारी गावं लय असत्याल, शहर करनारं आपलंच! आनि ते सुभेदारामुळं!"

सुभेदारांची मिशी पुन्हा वर गेली, ती मरेपर्यंत खाली आली नाही. लालासाहेब पुढच्या निवडणुकीत पडले. केरबाचा मुलगा आज तेच सिटी सलून चालवतो. रंगूबाईच्या तोटीवर तिची सून पिशवी अडकवते. डंकनसाहेब मात्र पर्थमध्ये टोपी घालून फिरायचा, असं त्याच्या लेकीनं कळवलं.

दोन हजार बारा साली राणीनं पर्थला पुन्हा शहर केलं. नातवानं ही बातमी सांगितली तेव्हा शालूबाई नव्वदीला टेकली होती. ती चिडलीच.

"आत्ता? आमी हात वर करून जमाना झाला! ठराव कडेगावच्या पोस्टातच अडकून पडला आसंल, दुसरं काय!"