ग्लेनिसबाईंचा खोकला

बेडरूमच्या भिंतीला ओल आलीय, असं घरमालकाला फोनवर सांगून टाकल्यावर ग्लेनिसबाईंना आठवलं की घरात कुत्री आहे.

डचेस शर्यतीतून निवृत्त झालेली, लांब तंगड्यांची ग्रेहाउंड. भाडेकरारात प्राण्यांना मनाई. मालक आला, डचेस दिसली आणि त्याने घर सोडायला सांगितलं तर या वयात इंग्लंडातल्या या हॅलिफॅक्समध्ये दुसरं घर कुठे शोधायचं, या धास्तीने बाईंनी कित्येक हिवाळे ती ओल सोसली होती. शेवटी शेजारची मोइरा म्हणाली, "अगं, कायदा बदललाय. आता सबळ कारण दिल्याशिवाय कुणाला घराबाहेर काढता येत नाही. कर बिनधास्त फोन." त्या भरात फोन झाला.

"जवळच आहे, लगेच येतो," घरमालक थ्वेटसाहेब म्हणाले.

मोइरा कामावर गेलेली. बाईंनी डचेसला बाथरूममध्ये कोंडलं.

थ्वेट भिंत चाचपत असतानाच आतून भुंकणं आलं. बाई मोठ्याने खोकल्या. डचेस पुन्हा भुंकली. बाई आणखी जोरात खोकल्या.

"या ओलीनेच झालं हे," थ्वेट कळवळले. "बसा, पाणी आणतो." आणि बाईंनी हात धरायच्या आत त्यांनी बाथरूमचं दार उघडलं.

डचेस शांतपणे बाहेर आली आणि त्यांच्या बुटांवर डोकं टेकून पडली.

"आता कायद्याने कुत्रं पाळायची परवानगी मागता येते," बाई कशाबशा म्हणाल्या. "योग्य कारणाशिवाय तुम्हाला नाही म्हणता येत नाही."

"मग मागितली का नाहीत?"

"धीर झाला नाही."

थ्वेट खुर्चीत बसले. "माझंही तेच. घटस्फोटानंतर मी भाड्याने राहतोय. चोरून मांजर पाळलंय. शुक्रवारी घरमालकीण घर बघायला येतेय. बाई, तेवढा दिवस ठेवाल का त्याला?"

बाईंना इतकं हसू आलं की आता खरोखरच ठसका लागला. डचेसला तिथल्या तिथे परवानगी मिळाली. गुरुवारी गवंडी आला.

शुक्रवारी मांजराने आल्याआल्या डचेसची गादी बळकावली. संध्याकाळी थ्वेट ते न्यायला आले तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"काय म्हणाली?" बाईंनी चहा ओतत विचारलं.

"इमारतीत उंदीर झालेत म्हणाली. एखादं मांजर पाळाल का, म्हणून विचारत होती."

"मग?"

"विचार करून सांगतो म्हटलं," थ्वेट म्हणाले. "लगेच हो म्हटलं असतं तर संशय आला असता."