नाव न सांगण्याच्या अटीवर

डॅन्यूबकाठच्या त्या गावातलं वर्तमानपत्र छपाई परवडेना म्हणून बंद पडलं, तेव्हा संपादक ग्रोझदानोवनी ठरवलं की बातम्या रंगमंचावर उभं राहून सांगायच्या. पहिल्या प्रयोगाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. दुसराही तसाच गेला तर कायमचं कुलूप. म्हणून त्यांचा बातमीदार ल्युबेन याने ठेवणीतली बातमी काढली: गावच्या खनिज पाण्याच्या झऱ्याला नगरपालिकेने गुपचूप साध्या पाण्याचा नळ जोडला होता.

हे सगळ्यात आधी कळलं ते त्याच्या सासूला, त्सोन्काबाईंना. त्याच पाण्यात त्यांनी हिवाळ्यासाठी घातलेलं कोबीचं पिंपभर खारं लोणचं मऊ पडलं. त्या सगळं बोलल्या, पण अट घालून.

"माझं नाव नको."

"नगराध्यक्षांना घाबरता?"

"त्याला कोण विचारतंय, जावईबापू. पिंप नासलं हे गल्लीला कळलं तर तोंड कुठे लपवू?"

ल्युबेनने (धंद्याचं इमान राखून) मंचावर नाव घेतलं नाही. "एक सत्तरीच्या बाई," तो म्हणाला, "चर्चमागच्या पिवळ्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, जावई पत्रकार आहे."

सगळ्या माना पाचव्या रांगेकडे वळल्या. त्सोन्काबाई छत न्याहाळू लागल्या. शेजारी बसलेल्या इलियानाने, म्हणजे त्याच्या बायकोने, कपाळाला हात लावला.

इथे थांबता तर निभावलं असतं. पण बातमीला दुसरी बाजू हवी ना. "अर्थात," तो म्हणाला, "मीठ कमी पडलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

त्सोन्काबाई उठल्या.

"मीठ कमी? माझ्या हातून? लग्न झाल्यापासून पिंप घालतेय मी. तुला बटाटा तरी उकडता येतो का रे?"

ल्युबेनला कुलूप डोळ्यांसमोर दिसलं. मग मागून औषधवाल्याची बायको हळूच म्हणाली, "माझंही मऊ पडलं. लाजेनं बोलले नाही." पाठोपाठ आणखी दोघी उठल्या.

"आम्ही तर नदीत ओतलं," एक नवरा म्हणाला. बायकोने त्याची बाही ओढली.

एक नगरसेवक अंग चोरून दाराकडे निघाला होता. बायकांनी त्याला वाटेतच बसवलं आणि नळ काढायचं सर्वांसमक्ष कबूल करून घेतलं. टाळ्या थांबेनात. पुढच्या प्रयोगाची तिकिटं तिथल्या तिथे संपली.

"वाचलो," पडद्यामागे ग्रोझदानोव डोळे पुसत म्हणाले. "पुढच्या वेळी सासूबाई मंचावर. तू प्रेक्षकांत बस."

"आणि मधेच उठून बोलू?"

"नको," ते म्हणाले. "नुसता बस."