आवाज गेलेली गाडी

गाडी बंद पडली म्हणून बॉनेट उघडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. गाडी चांगली चालते म्हणून रोज बॉनेट उघडून, कंबरेवर हात ठेवून, तोंड पाडून उभा राहणारा माणूस मी एकच पाहिला. तो आमच्या माझगावच्या चाळीत, माझ्या शेजारच्याच खोलीत राहतो. नाव रघुनाथ परुळेकर. पण हे नाव फक्त लाइटच्या बिलावर. अख्खी चाळ त्यांना भावोजी म्हणते.

त्याचं कारण शालूताई. शालूताई आमच्या चाळीतली मुलगी. इथेच जन्मली, इथल्याच गॅलरीत सागरगोटे खेळली. मी शाळेत जायला रडायचो तेव्हा मला बखोटीला धरून नेणारी तीच. परुळेकर लग्न करून तिला घेऊन जायचे ते राहिलं बाजूला, शेजारची खोली रिकामी झाली तेव्हा स्वतःच इथे राहायला आले. एका चाळीच्या मुलीचा नवरा म्हणजे सगळ्या चाळीचा भावोजी. आता सत्तरी आली तरी पहिल्या मजल्यावरची कालची पोरंसुद्धा भावोजीच म्हणतात.

भावोजींनी सगळी नोकरी गोदीजवळच्या एका शिपिंग एजंटाच्या ऑफिसात कागद पुढे सरकवण्यात काढली. हाताला शाईशिवाय काही लागलं नाही. पण माणसाचा ठाम समज असा, की जगातली प्रत्येक दुरुस्ती घरच्या घरी होते. मेकॅनिक या जातीबद्दल त्यांना काडीचा आदर नाही. "मेकॅनिक म्हणजे कोण रे? ज्याचे हात काळे, तो मेकॅनिक. आपले काय होत नाहीत?"

होतात ना. चांगले कोपरापर्यंत होतात. चाळीचा पाण्याचा पंप त्यांनीच दुरुस्त केला. पंप झकास चालतो, फक्त तो सुरू झाला की दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्यातला दिवा लागतो. हे कसं झालं ते आजवर कुणाला कळलेलं नाही. तक्रार केली तर भावोजी म्हणाले, "अरे, पाणी आलं ते कळतं की नाही? मग! आणि बिल तरी कुठे जास्त आलंय?" सावंत म्हणून एक वरच्या मजल्यावर राहतो, त्याला बोलायची फार खाज. तो म्हणाला, "भावोजी, माझ्या फ्रीजला हात लावू नका हां, नाहीतर दार उघडलं की देवळातली घंटा वाजायची."

तर गाडी. लाल रंगाची, छोटी, आणि आता इतकी जुनी की लालपणावर नुसता विश्वास ठेवायचा. कंपाउंडमध्ये बदामाच्या झाडाखाली उभी असते. तिची ओळख म्हणजे आवाज. फाटकातून आत वळली, स्पीड कमी झाला, की इंजिनातून 'कुर्र कुईं, कुर्र कुईं' असं सुरू व्हायचं. बिनतेलाचा झोपाळा हलवावा तसं. भिंतीवरचं मांजर उठून जायचं. आणि वरून गॅलरीतून शालूताईचा आवाज यायचा, "आले! चहा टाकते!"

ही वर्षानुवर्षांची पद्धत. मग दोनेक वर्षांपूर्वी शालूताईचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस, मग वार, मग काल काय जेवलो ते. डॉक्टरांनी मोठं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हे वाढत जाणार हेही सांगितलं. पण 'कुर्र कुईं' झालं की तिचं "आले! चहा टाकते!" काही चुकलं नाही. चाळीत तेवढंच सगळे धरून होते.

अशात भावोजींच्या डोक्यात टायमिंग बेल्ट शिरला. कुठल्याशा ओळखीच्या माणसाचा बेल्ट कशेडी घाटात तुटला आणि इंजिनाचं भजं झालं, हे त्यांनी ऐकलं. झालं! मला गॅलरीत गाठून लेक्चर सुरू. "विजू, हा इंजिनातला दातेरी पट्टा. रबराचा. वरचं चाक आणि खालचं चाक, दोघांना एका तालात फिरवतो. तो तुटला ना, की आतले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. इंजिन खल्लास! आणि पट्टा ताणून धरायला एक बेअरिंगवाली चकती असते, टेन्शनर म्हणतात. ती अडकली तरी पट्टा गेलाच. दोन्ही बदलायचं."

"गॅरेजला द्या की मग."

"कशाला? सिंपल आहे रे. हात काळे करायचे."

मला गाडीतली फक्त सीट कळते. तरी रविवारी सकाळी मी टॉर्च घेऊन बदामाखाली उभा. टॉर्च धरणं हे जगातलं सगळ्यात अपमानास्पद काम आहे. ज्याने कुणी दुसऱ्याच्या दुरुस्तीत टॉर्च धरलाय त्याला हे सांगायला नको. भावोजी एरवी शुद्ध बोलतात, पण डोकं इंजिनात गेलं की मालवणी बाहेर येते. "मेल्या, टॉर्च खंय धरतंस? माझ्या तोंडार नको, पट्ट्यार धर!"

शिकवणी मोबाइलवर. कुणीतरी गोरा माणूस भराभरा बोलत गाडी खोलत होता. भावोजींनी आवाज बंद केला. "त्याचे हात बघायचे. तोंड नाही." एक बोल्ट हलेना तेव्हा पान्याला नळाचा पाइप लावून आम्ही दोघं त्याला लोंबकळलो. गॅलरी भरली होती. सावंत वरून म्हणाला, "दहीहंडीला अजून वेळ आहे ना?" बोल्ट सुटला तेव्हा आम्ही दोघंही खाली बसलो, म्हणजे बसवले गेलो.

जुना पट्टा काढण्याआधी दोन्ही चाकांवर खूण करायची असते, म्हणजे नवा पट्टा त्याच जागी बसतो. त्यासाठी भावोजींनी शालूताईची जुनी नेलपॉलिश आणली होती. गुलाबी. नवा पट्टा, नवा टेन्शनर चढला. जुनं सामान त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं. त्यांच्या घरातून आजवर काही टाकलं गेलेलं नाही.

किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, पण अशी थडथडायला लागली, जणू हिवताप भरलाय. ॲक्सिलरेटर दाबला तरी पुढे जाईना, नुसती खोकायची. सावंत वरून ओरडला, "पाणी आलं का बघा रे कुणीतरी!" भावोजींनी पाना उचलला. परत सगळं खोललं. गुलाबी खुणा बघितल्या. "एक दात पुढे बसलाय. दोष तुझा. टॉर्च हलला." मी टॉर्च पुन्हा आत धरला. पट्टा एक दात मागे घेतला, पान्याने इंजिन हातानेच पुरतं फिरवून खुणा जुळतात का ते पाहिलं, आणि परत किल्ली.

काय सांगू! गाडी सुरू झालेली कळेचना. बॉनेटवर हात ठेवला तेव्हा थरथर लागली, तेवढंच. कुर्र नाही, कुईं नाही. मांजर भिंतीवर तसंच झोपलेलं. गॅलरीतून टाळ्या पडल्या. मलाही, खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला. भावोजी नाक्यापर्यंत चक्कर मारून आले, फाटकातून सुळकन आत वळले, गाडी बंद केली, आणि वर गॅलरीकडे बघत बसून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून ते बॉनेट सुरू झालं.

संध्याकाळी मी कामावरून यावं तर हा माणूस इंजिनात डोकं घालून उभा.

"काय झालं भावोजी?"

"आवाज येत नाही."

"मग चांगलंच की!"

"तुला नाही कळायचं."

मग त्यांनी पट्टा थोडा सैल केला. मग थोडा घट्ट केला. घट्ट केल्यावर बारीक शीळ ऐकू यायला लागली, तर म्हणाले, "ही ती नव्हे." दर वेळी गाडी बाहेर काढायची, फाटकातून आत आणायची, वर बघायचं, परत बाहेर. वॉचमनला वाटलं भावोजी रोज काहीतरी विसरतात. सावंतने सुचवलं, "मागे रिकामे डबे बांधा." एरवी भावोजींनी त्याला तिथल्या तिथे उलटं उत्तर दिलं असतं. त्या दिवशी ते म्हणाले, "डब्यांचा वेगळा येतो रे." तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, म्हातारा कामातून गेला.

मी वैतागलो होतो, हे स्पष्ट सांगतो. चांगली चालणारी गाडी, आणि प्रत्येक रविवारी माझ्या हातात टॉर्च! एका रविवारी दुपारी ते हत्यारं तशीच टाकून वर गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मी पाना घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. म्हटलं, आज सांगून टाकू, माझ्याने होणार नाही.

भावोजी दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. त्या खुर्चीत मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नाही. ती पाहुण्यांची. खुर्चीच्या कडेवर अवघडून, काळे हात कुठे लागू नयेत म्हणून समोर धरून बसलेले. बाजूला स्टुलावर पाण्याचा पेला.

मला बघून शालूताईला हायसं वाटलं. "विजू, बरं झालं आलास रे. हे मेकॅनिक मघापासून बसलेत." मग माझ्याजवळ येऊन हळूच, "तूच सांग ना यांना. आमच्या ह्यांना गाडीला दुसऱ्याने हात लावलेला अजिबात खपत नाही. उगाच आल्या आल्या ओरडतील. स्वभाव वाईट नाही त्यांचा, पण गाडीचं नाव काढलं की झालं."

मी भावोजींकडे बघितलं. ते म्हणाले, "हो बाई. मी त्यांना भेटूनच जातो."

"बसा हं. येतीलच एवढ्यात. गाडी आलेली कळते आम्हाला. चहा ते आले की टाकते."

विजू तिला आठवतो. सावंत आठवतो, त्याच्या लहानपणीच्या खोड्यांसकट आठवतो. मी तिथे पाना धरून उभा होतो.

आम्ही खाली आलो. भावोजी बदामाच्या कट्ट्यावर बसले. "तुम्ही सगळे तिच्या लहानपणापासूनचे. मी नंतर आलो ना रे. नंतरचं आधी पुसलं जातं म्हणतात." मग म्हणाले, "तोंड तिला वर्षभर झालं नीट ओळखू येत नव्हतं. पण आवाज झाला, की त्या आवाजामागून दारात जो येतो तो नवरा, एवढं पक्कं होतं. आणि मी काय केलं? दुरुस्ती केली."

मी कधी नव्हे ते त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो बाजूला केला, उठले, डिकीतून बिस्किटांचा डबा काढला. आतून जुना टेन्शनर घेऊन माझ्या कानाशी बोटाने फिरवला. कुर्र. "हाच मेला. बेअरिंग खाल्लेलं. म्हणून पट्टा ओरडायचा."

"भावोजी, तो परत लावायचा? तुम्हीच सांगितलंत ना, तो अडकला की पट्टा गेला. पट्टा गेला की..."

"इंजिन खल्लास. माका शिकवतंस?"

"मग?"

"मग काय? जाईल तेव्हा जाईल. टॉर्च धर."

मी धरला. भर दुपारी त्या कोपऱ्यात अंधारच असतो. या वेळी टॉर्च हलला असावा, कारण भावोजी दोनदा ओरडले.

संध्याकाळी गाडी बाहेर गेली, नाक्यावरून फिरून फाटकातून आत वळली. कुर्र कुईं, कुर्र कुईं. मांजर उठून गेलं. सगळी गॅलरी कठड्याशी उभी होती, सावंतसुद्धा. आणि वरून आवाज आला, "आले! चहा टाकते!"

मी भावोजींना म्हटलं, "जा, जा लवकर."

ते गेले नाहीत. धावत नळावर गेले. कपडे धुण्याची पावडर मुठीत घेऊन हात घासायला लागले, नखांतून, बोटांच्या बेचक्यांतून, पार कोपरापर्यंत. वरून हाक आली, "अहो, गार होतोय!" तरी घासतच होते. मला म्हणाले, "बघ रे, कुठे काळं राहिलंय का? मेकॅनिक म्हणून परत खुर्चीत बसवायची."

त्याला आता बरेच दिवस झाले. कोकणात गाडी नेणं भावोजींनी सोडलंय, तो बेल्ट कुठेही दगा देईल हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. गाडी रोज संध्याकाळी नाक्यापर्यंत जाते आणि ओरडत परत येते. बॉनेट कुणी उघडत नाही. भावोजींचे हात हल्ली स्वच्छच असतात. तरी वर जाण्याआधी नळावर थांबून ते एकदा धुतात.