रिफाइंड टिटवी

एका जंगलात एक टिटवी व्हती. कुठलं जंगल ते इचारायचं न्हाई. मधी कोन बोललं तर कान पिळीन. गप बसा, पोरांनो.

टिटवीचं काम राखणदारीचं. काय वंगाळ दिसलं की बोंबलायचं. त्याबदली राजा सिंहानं तिला माळ दिलेला, आंडी घालाय. तवा तिथं तिची चार आंडी व्हती.

आन् राजाला अवदसा आठवली. त्यानं वडाला कागद लावला. 'राखणदार एज्युकेटेड, कल्चर्ड, रिफाइंड, पॉलिश्ड पायजे. नसंल त्यानं माळ सोडावा.'

टिटवीला शेवटची ओळ तेवढी कळली. आंडी काय चोचीत धरून न्यायची? ती पळाली कोल्ह्याकडं. कोल्हा तालुक्याच्या बाजारात चार दिस हिंडून आलता, म्हनून समदे त्याला सर म्हनायचे.

"सर, ह्येचा अर्थ काय वो?"

"सोपं हाय, बाई. रिफाइंड म्हंजी तेल. कल्चर म्हंजी केळी, टिश्यू कल्चरची. आन् पॉलिश म्हंजी तांदूळ. घासून घासून पांढराफेक करत्यात, तसं."

"आन् एज्युकेटेड?"

कोल्ह्यानं डोकं खाजवलं. "ते बाजारात इकाय नव्हतं. तू 'मे आय कम इन' म्हन. भागतंय."

झालं! त्या येड्यानं टिटवीला दगडावर घासली. निम्मी पिसं गेली. वरनं भजीवाल्याचा चोरलेला तेलाचा डबा वतला. चोचीत केळं कोंबलं.

राजा बघून खूश. "वा! काय चमकतीय!" त्याला तरी कुठं अर्थ ठावं व्हता? कागद त्यानं शेजारच्या जंगलातला बघून लिवलेला. "ऱ्हा माळावर. पन आता बोंबलायचं न्हाई. आधी इचारायचं."

दुसऱ्या दिशी भर दुपारी माळाच्या कडंला वणवा लागला. टिटवी उडाय गेली, तर पंख तेलानं चिकटलेले. तशीच तुरुतुरु गुहेपाशी पळाली.

"मे आय कम इन, सर?"

राजा जेवत व्हता. "थांब, हात धुतो."

"मे आय कम इन, सर?"

"अगं थांब म्हनलं न्हवं!"

तिनं मागं बघितलं. जाळ आंड्यांकडं सरकत व्हता. तिचं टकुरं फिरलं.

"टिव टिव टिटिव! मुडद्यांनो, आग लागलीय, आग!"

समदं जंगल उठलं. हत्तींनी तळ्यातनं सोंडा भरून पानी मारलं. आग इझली. आंडी वाचली. राजाच्या शेपटीचा गोंडा तेवढा जळाला, त्येचं हात धुनं उरकलं नव्हतं म्हनून.

राजा भडकला. "इचारल्याबिगर वरडलीस का?"

"म्हाराज, आग तरी कुठं इचारून आली?"

"बघा! एवढं तेल वतलं, पन अडाणी ती अडाणीच!"

सकाळी तिला माळावरनं हाकललं. पिल्लं रातीत आंड्यातनं भाईर आलीवती. ती बी मागनं तुरुतुरु गेली.

आता राखणदार पोपट हाय. त्याला लांबचं दिसत न्हाई. पन फायरचं स्पेलिंग तोंडपाठ हाय.

तात्पर्य : पोरांनो, घर पेटलं तरी आधी 'मे आय कम इन' म्हनावं. जळून मेला तरी चालंल, पन मानूस शिकलेला दिसला पायजे.