दोषांची मंजूर यादी

आमच्या मठात गेल्या एकोणीस वर्षांत एकही नवा माणूस दाखल झालेला नाही, ही बाब प्रांतिक कार्यालयाच्या लक्षात आली ती आम्ही छपराच्या दुरुस्तीसाठी केलेल्या अर्जामुळे. अर्जात 'साठ वर्षांखालील रहिवासी' असा एक रकाना होता. तो रिकामा कसा सोडायचा, म्हणून मी त्यात 'मांजर' असे लिहिले. पंधरा दिवसांनी परिपत्रक आले. छपराबद्दल त्यात काही नव्हते. चालू वर्ष 'पाचारण प्रोत्साहन वर्ष' म्हणून पाळावे आणि वर्षअखेरपर्यंत किमान एक उमेदवार न मिळाल्यास मठ बंद करून तेथील सहा बंधूंची सोय सहा वेगवेगळ्या मठांत, खाटांच्या उपलब्धतेनुसार, करण्यात येईल, असे कळवले होते.

पाचारण म्हणजे देवाने एखाद्याला व्रतस्थ जीवनासाठी मारलेली हाक. ती मारणे हे आजवर देवाचे काम समजले जाई. परिपत्रकान्वये ते आमच्याकडे वर्ग झाले होते.

मठप्रमुखांना आम्ही सगळे दादा म्हणतो. दादांनी परिपत्रक जेवणाच्या खोलीत वाचून दाखवले.

"सहा ठिकाणी?" स्वयंपाकी म्हणाला. "म्हणजे या माळ्याचं तोंड रोज बघायला नको. देव पावला."

"आणि मला तुझं सूप नको," माळी म्हणाला. "दोनदा पावला."

हे दोघे बंधू बेचाळीस वर्षे एका टेबलावर जेवत आले आहेत. त्या दिवशी सूप करपले होते आणि माळ्याने ते दुसऱ्यांदा मागून घेतले, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे सर्वांना कळले.

पुढच्या सभेत प्रोत्साहन सचिव म्हणून माझी नेमणूक झाली. मी त्या सभेला हजर नव्हतो, एवढीच माझी पात्रता. मी ग्रंथालय सांभाळतो. अनोळखी माणसाशी बोलायची वेळ आली की मी पुस्तकांचे कपाट पुसू लागतो. तरुणांना आकर्षित करण्यासाठी याहून अयोग्य माणूस शोधायचा, तर प्रांतातले सगळे मठ पालथे घालावे लागले असते.

जूनअखेर कार्यालयाचे प्रोत्साहन अधिकारी आले. तरुण फादर, चाकांची बॅग, बोलताना बोटे मोजायची सवय.

"आजचा तरुण कशाकडे ओढला जातो?" त्यांनी विचारले.



"सामुदायिक जीवनाकडे," त्यांनीच सांगितले. "पण जे मोजता येत नाही ते वाढवता येत नाही. तुमच्या सामुदायिक जीवनाची कुठे नोंद आहे का?"

नोंद होती. दर शनिवारी संध्याकाळी आम्ही गोल बसतो आणि त्या आठवड्यात आपण दुसऱ्याला काय त्रास दिला, हे प्रत्येक जण उभा राहून सांगतो. पापे नव्हेत; त्यांची सोय वेगळी आहे. दार आपटले, दुसऱ्याचा टॉवेल वापरला, प्रार्थनेत मुद्दाम वरच्या पट्टीत गायलो, असले दोष. ज्याला त्रास झाला तो "माफ आहे" म्हणतो आणि मग त्या दिवशीची भांडी दोघांनी मिळून घासायची, असा रिवाज आहे. या दोषनिवेदनाची वही मी लिहितो.

अधिकाऱ्यांनी वही चाळली. त्यांचा चेहरा उतरला. "सहा माणसं, सहा महिने, आणि दोनशे बारा दोष?"

"त्यातले नव्वद या दोघांचेच," दादा म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता असे मला वाटले, चूकही असेल.

"असल्या घरात कोण येईल, दादा? पुढच्या तिमाहीत आकडा निम्म्यावर आला पाहिजे."

आम्ही आज्ञापालनाचे व्रत घेतलेली माणसे. निम्म्यावर आणा म्हटल्यावर आम्ही तो शून्यावर आणला. ते अवघड गेले नाही. दुसऱ्याला त्रास द्यायचा तर दुसरा जवळ असावा लागतो. स्वयंपाकी चुलीपाशीच जेवू लागला, माळी अवजारांच्या खोलीत, दादा स्वतःच्या खोलीत, मी दोन कपाटांच्या मधे. उरलेल्या दोघांनी एकेक जिना वाटून घेतला. शनिवारी आम्ही गोल बसून जमिनीकडे पाहत 'निरंक' म्हणत असू आणि आपापले ताट आपण घासून झोपायला जात असू.

तिमाहीच्या शेवटी आमचा सामुदायिक जीवन निर्देशांक शंभरपैकी शंभर आला. प्रांतात पहिला. काचेच्या चौकटीत प्रमाणपत्र आले. ते टांगायचे तर कोणाला तरी स्टूल धरावे लागले असते, म्हणून ते प्रवेशद्वारापाशी जमिनीवरच टेकवून ठेवले. कार्यालयाने 'दोषमुक्त सामुदायिक जीवन! आजच भेट द्या' अशी पत्रके छापली.

भेट द्यायला कोणी आले नाही. ऑक्टोबरात स्वयंपाकघरातला नळ गळू लागला, तेव्हा प्लंबर आला. चौतिशीचा माणूस; आठ वर्षे आमचे नळ तोच बघतो. काम आटोपून तो पाना हातात घेऊन ग्रंथालयाच्या दारात उभा राहिला. मी कपाट पुसू लागलो.

"ब्रदर, कोणी वारलं का इथे?"

"नाही. का बरं?"

"मग घर असं का झालंय? आधी मी सिंकखाली आडवा पडलेला असायचो आणि वर तुमचे ते दोघं कडाकडा भांडायचे. नंतर तेच दोघं भांडी घासत खो-खो हसायचे. खरं सांगू? दहा मिनिटांच्या कामाला मी तास लावायचो." त्याने पाना या हातातून त्या हातात घेतला. "यंदा विचारणारच होतो, इथे राहायला यायचं तर काय करावं लागतं. पण दारातलं ते प्रमाणपत्र वाचलं. ज्या घरात कोणाचंच काही चुकत नाही, तिथे माझा कसा निभाव लागायचा?"

काहीतरी बोलायला हवे होते. मठ, सहा खाटा, बेचाळीस वर्षे, सगळे माझ्या ओठांवर येऊन थांबले.

"वॉशर बदलावा लागला का?" मी विचारले.

"हो," तो म्हणाला आणि गेला.

मी दादांकडे धावलो, म्हणजे माझ्या वयात ज्याला धावणे म्हणतात ते केले. दादांनी सगळे ऐकून घेतले.

"म्हणजे उमेदवार दारात आला आणि आपण त्याला वॉशर विचारला."

"मी विचारला, दादा."

"वहीत लिही. तीन महिन्यांतला पहिला दोष. पण पुढचे करायचे तर परवानगी हवी. आज्ञा ती आज्ञा."

अर्ज केला. महिन्याने उत्तर आले: 'प्रायोगिक तत्त्वावर, दरडोई दर आठवड्यास कमाल दोन दोष करण्यास मंजुरी देण्यात येत आहे. नियोजित दोषांची यादी तीन प्रतींत आगाऊ सादर करावी.'

यादी करायला आम्ही शनिवारी स्वयंपाकघरात जमलो. नळ पुन्हा गळत असल्याने प्लंबरही सिंकखाली होता. नळ गळत होता कारण दादांनी तो दुपारी स्वतः सैल केला होता. सदर दोष यादीत घेतलेला नाही.

सराव गेल्यामुळे कोणालाच काही सुचेना.

"मी सूप करपवीन," शेवटी स्वयंपाकी म्हणाला.

"ते दोषात धरत नाहीत," माळी म्हणाला. "ते हवामानात धरतात."

"मग तू काय करणार? चिखलाचे बूट घालून माझ्या फरशीवर येणार?"

"तुझी फरशी? ही घातली कोणी? मी!"

"म्हणूनच तिरकी आहे!"

"तिरकं तुझं डोकं! पाच महिने फावड्याशेजारी बसून जेवलो. एकदा तरी विचारायला आलास, की बाबा, मीठबीठ हवंय का?"

 स्वयंपाकी भिंतीकडे बघत म्हणाला, "आलो होतो. दारापर्यंत. तू फावड्याशी बोलत होतास. म्हटलं, याला आता माणूस मिळालं."

सिंकखालून हसू आले. आधी दाबलेले, मग दाबता न येणारे. मग पाइपावर डोके आपटल्याचा आवाज, आणि पुन्हा हसू.

"माफ आहे," माळी म्हणाला.

"मी अजून मागितली कुठे?"

"मग माग की लवकर. भांडी पडलीयत."

प्लंबर बाहेर आला, कपाळ चोळत, आणि त्याने माझ्याकडे मठात दाखल होण्याचा फॉर्म मागितला. स्वयंपाकघरात पुस्तकांचे कपाट नाही. मी फॉर्म दिला.

फॉर्म अठरा पानांचा होता. शेवटच्या पानावर 'कुटुंबाचे मत व स्वाक्षरी' होती, आणि त्याशिवाय अर्ज ग्राह्य धरला जाणार नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्याची आई आली. आम्ही तिला चांगले ओळखत होतो. पाचारण प्रार्थना मंडळाची ती अध्यक्ष. दर गुरुवारी चाळीस बायका आमच्याच चॅपेलमध्ये अकरा वर्षे गुडघे टेकत आल्या होत्या, देवाने तरुणांना हाक मारावी म्हणून.

"दादा, देवाचं दार चुकलंय," ती बसायच्या आधीच म्हणाली.

"काय झालं, बाई?"

"मी पाचारणासाठी प्रार्थना करत होते. माझ्या पोरासाठी नाही! मी आपली समोरच्यांचा धाकटा धरून चालले होते. तो नुसता बसूनच असतो."

"मग तुमचा पत्ता कसा सापडला देवाला?"

"दर गुरुवारी समोर जाऊन बसले, दुसरं काय!" तिने पदराने डोळे टिपले. "एकटा नाही पाठवणार मी त्याला. मंडळातल्या एकीने तरी आपला मुलगा बरोबर द्यावा, मग सही करते. या गुरुवारी विचारतेच सगळ्यांना."

ही अट तिने वाटेत दोघीतिघींना सांगितली असावी. गुरुवारी चॅपेलमध्ये एकच बाई होती, ती स्वतः. बाकी एकोणचाळीस जणींचे निरोप आले होते. पंधरा जणींचे गुडघे, नऊ जणींची सर्दी, बाकीच्यांकडे पाहुणे. एकीने कळवले होते की यापुढे ती जागतिक शांततेसाठी प्रार्थना करणार आहे, कारण त्यात घरचे कोणी जात नाही.

वर्ष संपायला बारा दिवस होते. ती तासभर रिकाम्या खुर्च्यांमध्ये एकटी बसली. मी मागे भजनांची पुस्तके सरळ करत होतो. उठली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"ब्रदर, तो इथे आला तर तुम्ही त्याच्याशी भांडाल ना? घरात मी एकटीच असते. मी त्याला कधी उलट बोललेसुद्धा नाही."

"मला तितकंसं जमत नाही," मी खरे ते सांगितले. "पण ते दोघं भांडतील."

"आणि नंतर?"

"भांडी घासतील. त्याच्याबरोबर."

तिने पिशवीतून फॉर्म काढून शेवटचे पान उघडले. "द्या इकडे ते पेन," ती म्हणाली.

मठ पुढील एक वर्ष चालू ठेवण्यास मंजुरी मिळाली आहे. त्यानंतरच्या वर्षासाठी आणखी एक उमेदवार लागेल, असे कार्यालयाने त्याच पत्रात कळवले आहे. म्हणून दादांच्या सांगण्यावरून हे सर्व छापायला देत आहे. वाचक सहृदय आहेत. असे मठ टिकले पाहिजेत, असे वाचताना आपल्या मनात आले असेल आणि लगेच आपल्या भावाचा मुलगा डोळ्यांसमोर उभा राहिला असेल. संकोच न करता त्याचे नाव कळवावे. तुमच्या भावाने तुमच्या मुलाचे आधीच कळवले आहे.