गोणपाटातली फुलं

भाषेच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये, असं मी त्या महिन्यात तीनदा तरी जाहीर केलं होतं. एकदा बायकोला, एकदा कॉफीच्या गोदामात, आणि एकदा हिलो शहरातल्या टायरवाल्याला, ज्यानं काही विचारलंही नव्हतं!

आमच्या कामालेईच्या शाळेत फक्त हवाईयन बोलतात. गणित, भूगोल, भांडणं, सगळं हवाईयनमध्ये. फाटकाच्या आत इंग्रजी बंद. माझ्या आजीला लहानपणी हीच भाषा बोलली म्हणून शाळेत छड्या बसल्या होत्या. पुढे तिनं ती आमच्या घरात येऊच दिली नाही. त्यामुळे सात वर्षांची कामालेई फाडफाड बोलते आणि तिचा बाप, म्हणजे मी, पालानी, चाळिशीत पालकांच्या मंगळवारच्या वर्गाला जातो. बारा मंगळवार झाले होते. अकरांना मी हजर होतो. त्यातल्या काहींना जागाही होतो.

वर्ग घ्यायच्या कुमू नोहेआ. कुमू म्हणजे बाई, मुख्याध्यापिका, आणि आमच्याकडे शाळेच्या बसची ड्रायव्हरसुद्धा. सोमवारी त्यांनी पालकांची सभा घेतली. शुक्रवारी होनोलुलूहून तपासणीचे पाहुणे येणार होते. शाळेची सनद आणखी पाच वर्षं चालू ठेवायची की नाही, हे ते ठरवणार. नाही म्हणाले, तर आमच्या अडतीस पोरांनी रोज सव्वा तास बसमध्ये हाडं खिळखिळी करत दुसऱ्या शाळेत जायचं आणि इंग्रजीत शिकायचं. पाहुण्यांच्या पत्रात एक खोचक वाक्य होतं: वर्गाबाहेर मुलं कोणती भाषा बोलतात, हेही पाहिलं जाईल. त्या वाक्यानं कुमूंची झोप उडाली होती.

एकेका पालकाला कामं वाटून झाली. माझी पाळी आली तेव्हा कुमू भराभर बोलल्या. मला कळलं ते असं: शुक्रवार, सकाळ, पाहुणे, पोतं, लाल आणि डुक्कर. मध्ये एक शब्द निसटला, पण एका शब्दानं काय बिघडतं? पाहुणे म्हटल्यावर डुक्कर आलंच; आमच्याकडे डुकराशिवाय लग्नसुद्धा पुरं होत नाही. खात्रीसाठी मी विचारलं, "जिवंत पाहिजे?"

कुमू म्हणाल्या, हो तर, शिळं कशाला चालेल, आणि पुढचं काम मुलंच करणार आहेत. काय करणार, तर कुटणार, असं मी ऐकलं. पहिली-दुसरीची पोरं जिवंत डुक्कर कुटणार हे मला जरा कडक वाटलं. पण शाळेची पद्धत असेल, म्हणून मी मान डोलावली.

घरी बायकोनं, वायलानीनं, विचारलं, "डुक्कर? नक्की?"

"वर्गाला तू जातेस की मी?"

ती गप्प बसली. ती गप्प बसली की मी जिंकलो असं मी समजतो. चौदा वर्षं मी असाच जिंकत आलोय.

शेजारचे अंकल मेडेरोस डुकरं पाळतात. लाल पाहिजे म्हटल्यावर त्यांनी मला विचारलं, की डुक्कर खायचंय का दिवाणखान्यात ठेवायचंय. तरी एक तांबूस, वीसेक किलोचं पिल्लू त्यांनी शोधून दिलं. कॉफीच्या गोणपाटात ते घालताना आम्हा दोघांचे शर्ट फाटले.

शुक्रवारी पोचलो तेव्हा फाटकाबाहेर तीन पाहुणे उभे होते आणि आत पोरांच्या दोन रांगा. पाहुण्यांनी स्तोत्र म्हणून आत यायची परवानगी मागायची, पोरांनी स्तोत्रातूनच ती द्यायची, अशी रीत आहे. मी बाजूच्या दारानं आत शिरलो आणि पोतं खांद्यावर घेऊन अदबीनं उभा राहिलो. स्तोत्राच्या ऐन शांत जागी पोतं गुरगुरलं.

कुमू माझ्याजवळ आल्या. "पालानी," त्या हळूच म्हणाल्या, "फुलं कुठायत?"

हे त्या इंग्रजीत म्हणाल्या. फाटकाच्या आत. नियम त्यांनीच केलेला. त्यावरून प्रसंग ओळखावा.

पुआ म्हणजे फूल. पुआ'आ म्हणजे डुक्कर. मध्ये घसा एकदा अडकवायचा, एवढाच फरक. कुमूंनी पोतंभर लाल, सुवासिक, ताजी फुलं मागितली होती. पोरं ती कुटणार नव्हती, ओवणार होती; तिथंही घशाचाच घोळ. हे सगळं डोक्यात उतरेपर्यंत पोत्याची दोरी सुटली.

डुक्कर आधी रांगेतून गेलं, मग पाहुण्यांच्या प्रमुख कानेशिरो बाईंच्या पायांमधून. वाटेत इतर पालकांनी आणलेली निम्मी फुलं त्यानं खाल्ली आणि शाळेच्या अळूच्या चिखलात उडी घेतली. मागोमाग अडतीस पोरं! वरचा बांध अडव, शेपूट नको, मागचा पाय धर, तुझ्यापेक्षा माझी आजी बरी पळते, असा एकच कालवा झाला. सगळा हवाईयनमध्ये. एक पाहुणा इंग्रजीत काही सुचवायला गेला, तर बालवर्गातल्या एका चिमुरडीनं पळता पळता त्याला नियम सांगितला. मीही चिखलात उतरलो. तेवढ्यात कामालेई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पापा, तू बाजूला हो. तू त्याला घाबरवतोयस."

हवाईयनमधलं एक आख्खं वाक्य मला आयुष्यात पहिल्यांदा जसंच्या तसं कळलं. मी बाजूला झालो. मिनिटभरात डुक्कर पोत्यात होतं.

कानेशिरो बाईंच्या गुडघ्यापर्यंत चिखल होता. त्या वहीत काहीतरी लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, हा कार्यक्रम मुद्दाम ठेवला होता का? कुमू आयुष्यात कधी खोटं बोललेल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पालकांचा सहभाग."

तीन आठवड्यांनी सनद आली, पाच वर्षांची. सभेत कुमूंनी पत्र वाचून दाखवलं. वर्गाबाहेरच्या भाषेचं त्यात तोंडभर कौतुक होतं. सूचना एकच होती: पालकांचे वर्ग आठवड्यातून दोनदा घ्यावेत. नाव कुणाचं नव्हतं. तरी सगळे माझ्याकडेच का बघत होते, कोण जाणे.

आता काही हवं असलं की कुमू मला कागदावर चित्र काढून पाठवतात. परवाच्या कागदावर बादली होती. मी नवी कोरी बादली आणली आणि कामालेईला दाखवली. तिनं माझ्या हातातला कागद घेतला, फिरवून सरळ केला आणि म्हणाली, "पापा, ही टोपी आहे."